‘दहा हजार भरा आणि सुटा’? कायदा असं म्हणत नाही

थर्टीफर्स्टच्या आसपास एक मेसेज दरवर्षी ग्रुपवर येतो. थोडक्यात मजकूर असा: दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं तर घाबरू नका, दहा हजार भरले की विषय संपला. पोलिसांच्या श्वास-चाचणीच्या यंत्रात फुंकायला नकार द्या, पुरावाच राहत नाही. पहिला गुन्हा असेल तर प्रोबेशन मिळतं, म्हणजे निर्दोषच. कुणी मेलं तरी तो अपघातच, पुण्यात निबंधावर सुटले की! आणि गाडीचा विमा आहेच.

मला या मेसेजचा राग येतो, कारण दोन पेग घेऊन किल्ली शोधणाऱ्या माणसाला तो नको तो धीर देतो.

आधी दहा हजारांचं बघू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार, किंवा दोन्ही. कैद द्यायची की दंड, हे न्यायाधीश ठरवतात. कलम २०० मध्ये तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे आणि तिच्यात १८५ नाही. सिग्नल तोडल्याच्या चलानसारखं हे मोबाइलवरून भरून मोकळं होता येत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. तिथे गुन्हा कबूल करून दंड भरला तरी नोंद दोषी म्हणूनच होते. लायसन्सचं प्रकरण वेगळं: पोलीस ते जप्त करून आरटीओकडे पाठवतात. दुसऱ्यांदा दोष सिद्ध झाला तर कोर्टाने लायसन्स रद्द करायचंच, असं कलम २२ सांगतं.

फुंकायला नकार देण्याचा सल्ला तर सरळ खड्ड्यात घालणारा आहे. प्यायल्याचा रास्त संशय असेल तर नकार देणाऱ्याला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. शिवाय कलम २०५ प्रमाणे, योग्य कारण नसताना श्वास किंवा रक्ताचा नमुना नाकारला, तर तो नकारच सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट धरता येतो.

प्रोबेशनबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण इथे अर्धसत्य आहे. १९५८ चा अपराधी परिवीक्षा (म्हणजेच प्रोबेशन) कायदा खरोखर आहे आणि तो चांगला कायदा आहे. पण त्याचं कलम ४ लागू होतं ते दोषी ठरलेल्या माणसाला. म्हणजे आधी दोष सिद्ध होतो. मग कोर्ट गुन्ह्याचं स्वरूप आणि माणसाची वागणूक पाहून शिक्षा लगेच न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) त्याला सोडू शकतं, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. हा हक्क नाही, ‘पहिलाच गुन्हा’ एवढं म्हणून तो मागता येत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख लावली, तर ती किमान एक वर्षाची असते. त्यासोबत नशेपासून दूर राहण्याची अटही घालता येते, आणि ती कायद्यात शब्दांत लिहिलेली आहे.

अट मोडली तर? त्याच कायद्याचं कलम ९. कोर्ट वॉरंट काढू शकतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा तेव्हा सुनावू शकतं. पहिल्या चुकीला किरकोळ दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची मुभा आहे, पण तेही कोर्टाच्या मर्जीवर. सुधारायची संधी म्हणून दिलेली सवलत लोक पळवाट म्हणून सांगत फिरले, तर ज्याला तिची खरी गरज आहे त्याच्याकडेही कोर्ट संशयाने बघेल. मला सर्वांत जास्त हे खुपतं.

काही जण यात ‘क्लास केला की केस मिटते’ हेही घुसडतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत तसे डायव्हर्जन कार्यक्रम आहेत. आपल्या १८५ खाली तशी सोय नाही.

कुणी मेलं तर काय? निष्काळजी वाहन चालवण्याने मृत्यू झाला, तर प्रोबेशनची सवलत देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग खटल्यात बजावलं आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. चालक प्यायलेला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले, मुंबई उच्च न्यायालयाने तो सदोष मनुष्यवध ठरवून तीन वर्षं केली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. आज त्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो अजामीनपात्र आहे.

पुण्याचा निबंध ही शिक्षा नव्हतीच. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोघे मेले, त्यानंतर बाल न्याय मंडळाने एका अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेली ती अट होती. लोकांचा संताप रास्तच होता, पण त्यावरून प्रौढ चालकाने स्वतःसाठी काही गृहीत धरू नये.

राहिला विमा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झालेली नसली तरी इतर परिस्थितीवरून चालक नशेत होता हे सिद्ध करून कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. चाचणी टाळून विमा वाचेल, ही आशाही तिथेच संपते.