देवगिरी एका तासात कसा उरकावा

सगळ्यात आधी वार बघायचा नाही, सुट्टी मिळाली की निघायचं. एकाच दिवसात देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ आणि येताना मकबरा बसवायचा, त्यामुळे संभाजीनगरातून पहाटे निघायचं ठरवा, म्हणजे सगळ्यांच्या आंघोळी, पोहे आणि "चार्जर राहिला" होऊन साडेअकराला गाडी हलेल आणि बरोबर भर उन्हात तुम्ही दरवाजाशी. यादवांनी बाराव्या शतकात इथे राजधानी थाटली वगैरे ठीक आहे, तुम्हाला एक तास पुष्कळ झाला. पाणी घेऊ नका, वर मिळतंच. खिलजीने 1296 ला वेढा दिला तेव्हा गडावर धान्य म्हणून चढवलेली पोती मिठाची निघाली असं सांगतात, म्हणजे तयारी न करता गडावर जायची आपली परंपरा जुनी आहे.

गाइड तर अजिबात करू नका, पैसे जातात. ग्रुपमध्ये एक काका असतातच. ते सांगतील तुघलक वेडा होता, त्याने राजधानी दिल्लीहून इथे आणली आणि परत नेली, संपला इतिहास. बहमनी, निजामशाही, 1633 ला आलेले मोगल, हे काकांना विचारून त्यांचं बीपी वाढवू नका.

चांदमिनारच्या आत सोडत नाहीत, पण काळजी नको, तो लांबून चिमटीत धरल्याचा फोटो निघतो. एवढा उंच मिनार चिमटीत बसवायला "अजून खाली, अरे डावीकडे" करत पंधरा मिनिटं सहज जातात. भारतमाता मंदिराला मात्र थांबू नका, खांब देवळांचे, इमारत 1318 च्या मशिदीची, आत आता भारतमाता, एवढी भानगड तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही.

चिनी महालात टोकदार किल्ली लागते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह, त्याला औरंगजेबाने 1687 नंतर इथे कोंडला तो मरेपर्यंत, दहा-बारा वर्षं हाताशी असून त्या माणसाला भिंतीवर बदाम काढून स्वतःचं नाव कोरायचं सुचलं नाही, तुम्ही दोन मिनिटांत कोरता. कायद्यात दोन वर्षं कैद आणि लाखापर्यंत दंड आहे म्हणे, पण कायदा वाचायला का आलो आपण.

मेंढा तोफेवर पोरांना बसवा, त्यासाठीच तर मागे मेंढ्याचं डोकं दिलंय. मग खंदक. यात मगरी सोडायचे म्हणतात. खंदक बुजवणं हे वेढा घालणाऱ्यांचं पहिलं काम, त्यांना बिचाऱ्यांना दगडमाती वाहून आणावी लागायची, तुमच्याकडे वेफर्सची रिकामी पाकिटं आहेत. टाका.

अंधेरीत, म्हणजे गडाच्या अंधाऱ्या भुयारी वाटेत, शिरलात की मोबाइलचे सगळे टॉर्च लावून जोरात ओरडायचं, वटवाघळं दिवसा झोपलेली असतात, त्यांना कळायला हवं कोण आलंय. शत्रूने अंधारात आपसातच कापाकापी करावी म्हणून हा वाकडातिकडा रस्ता खोदलाय, आणि तुमचा ग्रुप तर तिकिटाच्या खिडकीपासूनच भांडतोय, त्यामुळे इथे नवीन काही होत नाही.

वरच्या बारादरी महालापर्यंत कशाला चढताय, काकांचे गुडघे आहेत ना. जनार्दनस्वामी या गडाचे किल्लेदार, एकनाथ महाराज त्यांच्याकडे राहून हिशोब बघायचे, एका पैची चूक शोधायला रात्रभर जागले ती गोष्ट इथलीच. तुमचा हिशोब गाडीत होईल. उसाच्या रसाचे चाळीस रुपये कुणी दिले यावर खुलताबाद निघून जातं, घृष्णेश्वराला लाइनमध्ये उभं राहूनही तोच विषय, आणि मग वेरूळच्या गेटवर कळतं की आज मंगळवार, लेणी सकाळपासूनच बंद आहेत. गाइडने हे फुकटात सांगितलं असतं, पण पैसे वाचले ना.