बाहेरची चौकशी प्रामाणिक पोलिसाच्या मुळावर येत नाही

'खात्यात वाईट माणसे मोजकीच असतात, त्यांना खातेच वठणीवर आणते, अंगावर कॅमेरे आल्यापासून लपवण्यासारखे काही उरलेले नाही, आणि तरीही बाहेरची देखरेख लादली तर पोलिसांचे मनोबल खचून गुन्हेगारांचेच फावते', अशा आशयाचा संदेश सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्यामागची पोलिसांविषयीची कळकळ मला खरी वाटते. मात्र त्यातला एकही मुद्दा अनुभवाच्या कसाला उतरत नाही.

'मोजकी वाईट माणसे' या समजुतीला न्यूयॉर्कमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच छेद गेला. फ्रँक सर्पिको आणि डेव्हिड डर्क या दोन पोलिसांनी हप्तेखोरीची माहिती वरिष्ठांपर्यंत वारंवार पोहोचवली, पण कोणी दखल घेईना. १९७० मध्ये ती वृत्तपत्रात छापून आली, तेव्हा कुठे नॅप आयोग नेमला गेला. आयोगाच्या मते लोकांना नाडून मोठ्या रकमा उकळणारे पोलीस थोडे होते, आणि खरे दुखणे समोर येईल ते निमूट खिशात घालणाऱ्या बहुसंख्यांचे होते, कारण त्यांच्या संख्येमुळेच लाच घेणे प्रतिष्ठित ठरत होते आणि ती उघड करणारा गद्दार. अशा वातावरणात सचोटीने वागू पाहणाऱ्या पोलिसाला खात्याबाहेर एखादे दार उघडे नसेल, तर त्याने जायचे तरी कुठे?

खातेच सारे निस्तरते, हा दावा तर अधिकच कच्चा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात १९८७ ते १९८९ या काळात फिट्झजेराल्ड आयोगाची चौकशी चालली आणि तिचे धागे खुद्द पोलीस आयुक्त टेरेन्स लुईस यांच्यापर्यंत पोहोचले. १९९१ मध्ये त्यांना भ्रष्टाचाराबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली. जिथे शिखरावरचाच माणूस गुंतलेला असतो, तिथे अंतर्गत तक्रार शेवटी त्याच्याच टेबलावर जाते. मे २०२० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहराच्या पोलिसांनी, त्यांच्या ताब्यात असताना झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूबाबत काढलेल्या पहिल्या निवेदनात प्रकृती बिघडल्याचा उल्लेख होता, पोलिसाने त्यांच्या मानेवर रोवलेल्या गुडघ्याचा नव्हता. तो जगाला दिसला तो रस्त्यावरच्या एका मुलीने केलेल्या चित्रीकरणामुळे. उत्तर आयर्लंडने यावर उपाय योजला आहे. तिथे २००० सालापासून पोलीस लोकपालाकडे स्वतःचे तपास अधिकारी आहेत, आणि पोलिसांच्या कृतीमुळे मृत्यू झाला असण्याची शक्यता असेल, तर कोणाची तक्रार नसली तरी प्रकरण त्यांच्याकडे सोपवावेच लागते.

कॅमेऱ्यांबाबत थोडक्यात सांगता येईल. वॉशिंग्टन डीसीमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिसांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कॅमेरा असलेल्या आणि नसलेल्या पोलिसांच्या बळाच्या वापरात किंवा त्यांच्याविरुद्धच्या तक्रारींत लक्षणीय फरक आढळला नाही. कॅमेरा उपयोगाचा आहेच. पण तो बंद करण्याची मुभा कोणाला, चित्रीकरण कोणाच्या ताब्यात, आणि संबंधित पोलीस आपला जबाब ते पाहण्याआधी लिहितो की पाहून झाल्यावर, यावर त्याचे मोल ठरते.

राहिला मनोबलाचा प्रश्न. कोणाला पकडायचे आणि कोणाला सोडायचे हे सत्ताधाऱ्याने फोनवरून सांगणे, हा हस्तक्षेप आहे आणि त्याला पोलिसांचा विरोध असणे रास्तच आहे. केलेल्या कारवाईचा जाब लिखित नियमांच्या आधारे नंतर विचारणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि तिचा फायदा पोलिसांनाही होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये संशयितांच्या चौकशीचे ध्वनिमुद्रण करण्याची कल्पना पुढे आली तेव्हा पोलिसांतूनच तिला मोठा विरोध झाला होता. १९८४ च्या कायद्याने ती पद्धत रूढ झाली. मूळ ध्वनिफीत संशयितासमोरच सीलबंद होऊ लागली आणि पोलिसांनी कबुलीजबाब रचल्याचा आरोप न्यायालयात टिकणे अवघड झाले, तसे विरोध करणारे पोलीसच त्या ध्वनिमुद्रणाचा आग्रह धरू लागले.