नमुना सही

गेल्या गुरुवारी आईने बँकेकडून आलेले एक पत्र मला फोनवर वाचून दाखवले. त्या पत्राचा राग अजून पुरता उतरलेला नसल्यामुळे पुढील मजकुरात कुठे तोल सुटलेला दिसल्यास वाचकांनी तो बँकेच्या नावे टाकावा.

प्रकरण तसे साधे आहे. मी गेली चार वर्षे जर्मनीत श्टुटगार्ट येथे नोकरीला आहे. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या माणसाने आपले इथले बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे, असा विदेशी चलन व्यवस्थापन कायद्याखालचा नियम आहे. आणि कायदा १९९९ सालचा असल्यामुळे तो माझ्या कानावर आला नाही असे म्हणण्याचीही सोय नाही. चार वर्षे मी ते केले नाही, एवढा गुन्हा कबूल. या वेळी तीन आठवड्यांच्या रजेवर पुण्याला आलो तेव्हा पहिल्याच मंगळवारी पासपोर्ट, पॅन कार्ड, निवासाचा परवाना, जर्मनीतल्या पत्त्याचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर, दोन फोटो आणि या सर्वांच्या झेरॉक्स प्रती घेऊन मी पेठेतल्या त्या शाखेत गेलो, जिथे २००६ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, कॉलेजची फी भरण्यासाठी मी खाते उघडले होते.

काउंटरवरच्या मॅडम अतिशय सभ्य होत्या, हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी मला सांगितले की माझे खाते आता ‘अनिवासी साधारण’ होईल. आयुष्यभर वडील मला जे म्हणत आले त्यावर आता शिक्काही बसणार होता. या खात्यावरच्या व्याजातून ३० टक्के कर आणि वर उपकर आधीच कापला जातो, हेही त्यांनी हसतमुखाने सांगितले, आणि मग त्या अर्जातल्या पत्त्याच्या रकान्यापाशी येऊन थांबल्या.

“सर, इथे फ्लॅट नंबर राहिला.”

“नाही, फ्लॅटला नंबर नाहीये.”

“म्हणजे बंगला आहे का?”

“नाही, चार मजली इमारत आहे. तिकडे बहुतेक घरांना नंबरच नसतो. खाली पत्रपेटीवर आडनाव लिहिलेलं असतं, ते बघून पोस्टमन टपाल टाकतो.”

“पण सर, सिस्टिम फ्लॅट नंबरशिवाय पुढे जात नाही.”

येथे शेजारच्या खुर्चीतून आवाज आला : “वाडा पद्धत दिसतेय.”

हे काका मी आल्यापासून तिथे बसलेले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर साडीच्या दुकानाची कापडी पिशवी, आणि खिशाला लावलेले स्वतःचे शाईपेन. पासबुक छापण्याचे यंत्र बंद असल्यामुळे ते चालू होण्याची वाट पाहत ते बसले होते. दर मंगळवारी ते पासबुक भरून घेण्यास येतात, हे मला पुढच्या दहा मिनिटांत कळले. आठवड्यात काही व्यवहार झालेलाच असतो असे नाही, पण तो झाला नाही याची खात्री बँकेकडूनच झालेली बरी, असे त्यांचे मत होते.

“आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती,” काका मॅडमना म्हणाले. “एकालाही नंबर नव्हता. तुम्ही चालू द्या, मी नुसता ऐकतोय.”

त्यानंतर ते नुसते ऐकत होते असे म्हणता येणार नाही. जिना किती पायऱ्यांचा, शेजारी कोण, भाडे किती आणि त्याचे रुपये किती, हे सगळे त्यांनी काढून घेतले. भाड्याचे रुपये ऐकून त्यांनी फक्त “बरं” एवढेच म्हटले, परंतु तो शब्द त्यांनी इतका लांबवला की रांगेतले दोघे मागे वळून पाहू लागले. गोष्ट तिथेच संपली असती. पण जिन्याचा विषय निघालाच होता, म्हणून केवळ मूर्खपणाने मी त्यांना ‘केरवोखे’ची हकीकत सांगून बसलो.

श्टुटगार्टच्या त्या मुलखात अशी जुनी चाल आहे की इमारतीचा जिना आणि पुढची वाट भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने झाडायची. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक छोटी पाटी येऊन लटकते. कोट्यवधींचा हिशेब करणारा माणूस असो की मोटारीच्या ब्रेकचे सॉफ्टवेअर लिहिणारा माझ्यासारखा, पाटी लागली की झाडू हातात घ्यावा लागतो. पुण्यात माझ्या आईने मला उभ्या आयुष्यात केरसुणी उचलू दिली नाही. तिकडे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात, पायरीच्या कोपऱ्यात राहिलेले एक वाळके पान चिमटीत धरून, माझ्या दाराची बेल वाजवली होती.

“काय म्हणालात, केर काय?”

“केरवोखे. वोखे म्हणजे आठवडा. आणि केर म्हणजे झाडणं.”

काकांनी पिशवी मांडीवरून उतरवून खाली ठेवली. “म्हणजे शब्दसुद्धा आपलाच,” ते सावकाश म्हणाले. “घराला नंबर नाही, दारावर आडनाव, सामायिक जिना, झाडायला पाळ्या, आणि खालच्या मजल्यावर नजर ठेवणारी म्हातारी. अहो, हे सगळं शनिवार पेठेत होतं. एवढ्या लांब गेलात कशाला?”

रांगेत हशा पिकला. मॅडमही हसल्या. मला काही तरी बाणेदार उत्तर सुचायला हवे होते, परंतु मी एखाद्या शाळकरी मुलासारखा फायदे मोजू लागलो. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला किमान २० दिवस पगारी सुट्टी तिथे कायद्यानेच मिळते आणि आमची कंपनी ३० देते. आजारी पडल्यावर साहेबाला फोनवर खोकून दाखवावे लागत नाही. संध्याकाळी पाचनंतर कार्यालयाचा फोन येत नाही. रविवारी दुकाने बंद असतात आणि इतकी शांतता असते की सुरुवातीला मला ऐकू येईनासे झाले आहे की काय अशी शंका आली होती.

“म्हणजे निवृत्तीच की,” काका म्हणाले. “तीसुद्धा इथेच मिळते.”

फ्लॅट नंबरच्या रकान्यात त्यांच्याच सल्ल्याने शून्य टाकले आणि सिस्टिम पुढे गेली. पुढे म्हणजे सहीपाशी. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर २००६ सालची माझी नमुना सही होती : देवनागरीत, माझे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबे. सही वाचता आली पाहिजे, असा वडिलांचा आग्रह असे. पुढे हिंजवडीत नोकरी लागल्यावर तिचे एक इंग्रजी अक्षर आणि त्यामागे फरफटत जाणारी एक लाट एवढेच उरले, आणि गेली पंधरा वर्षे मी सर्वत्र तीच लाट काढत आलो आहे.

“सर, सही जुळत नाहीये.”

“बघू,” काका म्हणाले, आणि उठून काउंटरशी आलेच. त्यांची ३४ वर्षे कोषागारात गेली होती, निवृत्तिवेतनाच्या कागदांवरच्या सह्या तपासण्यात. माणूस हयात आहे की नाही हे आपण नुसत्या सहीवरून सांगत असू, असे ते म्हणाले. माझी लाट त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली. “हिच्यावर मी कोणाचं पेन्शन सोडलं नसतं.”

मग पैसे काढण्याच्या कोऱ्या स्लिपांचा गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे ठेवला, स्वतःचे शाईपेन दिले, आणि वयाच्या ३८ व्या वर्षी, भर बँकेत, अनोळखी लोकांच्या देखत मी माझीच सही गिरवू लागलो. पहिली त्यांनी बाद केली, कारण टिंबे एका ओळीत नव्हती. दुसरीत रेघ थरथरली. तिसरीच्या वेळी दारावरचा सुरक्षारक्षकही येऊन उभा राहिला आणि “आडनाव जमलं” असे म्हणाला. चौथ्या सहीवर काकांनी बोट ठेवले.

“वडिलांच्या नावातली वेलांटी तुम्ही आता आखूड काढता. तेव्हा पार आडनावाच्या डोक्यावर जात होती. वडील आहेत का?”

“नाहीत.”

“मग नीट काढा.”

सातवी सही उतरली. मॅडमनी ती पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली, मान डोलावली, आणि “आता कुठे फरक नको” म्हणून काकांनी तीच सही माझ्याकडून प्रत्येक झेरॉक्स प्रतीवर करून घेतली. एकूण १४ सह्या झाल्या. कागद वर पाठवू, २० दिवसांत पत्राने कळवू, असे मॅडम म्हणाल्या. तेवढ्यात पासबुकाचे यंत्र चालू झाले, आणि माझे आभार ऐकून घेण्यासही काका थांबले नाहीत.

आता थोडे कडवट बोलतो. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांकडून जगात सर्वांत जास्त पैसा ज्या देशात येतो, तो आपला देश आहे. मी तिकडून आईला पैसे पाठवतो तेव्हा ते एक-दोन दिवसांत पोहोचतात. पैशाला कोणी सही विचारत नाही, की त्याच्या वडिलांचे नाव विचारत नाही. पैसे पाठवणाऱ्याला मात्र मी मीच आहे हे दोन्हीकडे सिद्ध करावे लागते. तिकडे परवान्याच्या मुदतवाढीसाठी परकीय नागरिक विभागाची वेळ मिळवायची. तिथे अर्जात वडिलांच्या नावाला रकानाच नसल्यामुळे ते माझेच दुसरे नाव ठरलेले आहे आणि दवाखान्यातली परिचारिका कधी कधी त्याच नावाने हाक मारते. दिवंगत वडिलांच्या नावाला “आलो” म्हणून उठताना काय वाटते ते मी कोणत्या अर्जात लिहू? आणि मग इकडे येऊन ३० दिवसांच्या त्या सुप्रसिद्ध सुट्टीतले दोन दिवस काउंटरपुढे घालवायचे. आईला मी त्या खेपेस भरल्या वांग्यांपलीकडे फारसा दिसलोच नाही.

असो. गुरुवारी आईचा फोन आला तेव्हा माझ्या दारावर पाटी होती. तिकडे उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. आईचे रात्रीचे जेवण झालेले, आणि मी कामावरून येऊन दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर झाडू घेऊन उभा. फोन कठड्यावर ठेवून मी तिला पत्र मोठ्याने वाचायला सांगितले. तिने चष्मा शोधला आणि वाचले : अर्ज व प्रतींवरील सही खात्यातील नमुना सहीशी जुळत आहे, तथापि पासपोर्टवरील सहीशी ती जुळत नसल्याने अर्जदाराने मूळ कागदपत्रांसह शाखेत समक्ष उपस्थित राहावे.

“म्हणजे येणार आहेस का?” आईने विचारले. तिच्या आवाजात मला जरा आनंदच वाटला.

मी उत्तर देणार एवढ्यात खालच्या बाईंनी दार उघडून जिन्याकडे पाहिले, आणि मी कोपरा परत झाडू लागलो.