डर्बनचा किनारा आणि तिकिटाची खिडकी

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला निघालेले कोणी "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असे विचारते, तेव्हा मी हल्ली मत्स्यालयाचे नाव सर्वांत आधी घेत नाही. २००४ साली सुरू झालेले ‘उशाका मरीन वर्ल्ड’ देखणे आहे, बुडालेल्या जुन्या जहाजाच्या पोटात शिरल्याचा भास होईल अशी त्यातल्या मत्स्यालयाची रचना आहे आणि मुलांचा पाय तिथून लवकर निघत नाही, हे सगळे मान्य. तरीही या शहरातली सर्वांत मोलाची जागा विनातिकीट आहे. बंदराच्या तोंडापासून उम्गेनी नदीच्या मुखापर्यंत, पुळणीला खेटून सुमारे ८ किलोमीटर जाणारा रुंद पादचारी मार्ग, ही ती जागा. नवे आकर्षण उभारण्याचा विचार करण्याआधी महापालिकेने हा मार्ग आणि त्याच्या पायथ्याशी असलेले पाणी नीट राखावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळी तिथे गेल्यास शहर एका नजरेत दिसते. फळ्या काखोटीला मारून पाण्याकडे निघालेली सर्फिंगवाली पोरे, सायकलस्वार, सलवार-कमीज आणि पायांत धावण्याचे बूट अशा वेशात झपझप चालणाऱ्या आज्या आणि दूरच्या गावांतून आलेली झुलू कुटुंबे, जी परतताना समुद्राचे पाणी बाटल्यांत भरून घरी नेतात. मार्गाच्या कठड्याखाली वाळूची शिल्पे घडवणारे कलाकार बसलेले असतात. मगरीच्या पाठीवरचा एकेक खवला बोटाने कोरायचा, वाळू सुकू नये म्हणून तिच्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडायचे आणि वरून कोणी नाणे टाकले की मान वर करून हसायचे, असा त्यांचा दिवस चालतो. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, हवा कोरडी असते आणि अगुल्हास या उष्ण प्रवाहामुळे पाणीही फारसे गार पडत नाही. जायचे तर तेव्हाच जावे. डिसेंबर-जानेवारीतला दमटपणा आणि सुट्टीची गर्दी आपल्याला काही नवी नाही.

ही वाट सर्वांची होऊन फार काळ लोटलेला नाही, हे तिथे चालताना विसरता येत नाही. १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक जागा वंशानुसार वाटण्याला बळ दिले आणि डर्बनचे चांगले किनारे गोऱ्यांसाठी राखले गेले. शहराच्या उपविधीतील कलम ३७ चा हवाला देणारी, ‘ही स्नानाची जागा केवळ गौरवंशीयांसाठी’ असे इंग्रजी, आफ्रिकान्स आणि झुलू भाषांत बजावणारी पाटी पुळणीवर उभी असे. १८६० पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या नातवंडा-पतवंडांनाही तिथे मज्जाव होता. आंदोलकांनी किनाऱ्यांवर उतरून हा नियम मोडला, नोव्हेंबर १९८९ मध्ये किनारे सर्वांना खुले करण्याची घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी तो कायदाच रद्द झाला. म्हणूनच अशा शहरात मोकळ्या जागेभोवती तिकिटाची खिडकी उभी राहू लागली की मला अस्वस्थ वाटते. पाटी गेली, पण खिशाचे कुंपण तेच काम गुपचूप करू शकते.

फुकट दिसणारी ही जागा राखायला मात्र फुकट पडत नाही. किनाऱ्यालगत वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते आणि बंदराच्या प्रवेशाशी तिची वाट अडते. ती उपसून, पंपाने पुढच्या किनाऱ्यांवर टाकावी लागते. हे काम थांबले तर पुळणी हळूहळू झिजतात आणि लाटा कठड्यापर्यंत येतात. पर्यटकाला यातले काहीच दिसत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लागायची झाली की ती आधी इथेच लागण्याची भीती असते.

शार्कच्या जाळ्यांबाबत माझे मन अजून दुभंगलेले आहे. १९५२ पासून डर्बनसमोर जाळी लावली जातात. ती म्हणजे किनारा बंद करणारी भिंत, असा पुष्कळांचा समज असतो, पण प्रत्यक्षात ती मासेमारीचीच जाळी असून किनाऱ्याजवळ फिरकणाऱ्या शार्कची संख्या कमी करणे हे त्यांचे काम आहे. त्यांत डॉल्फिन आणि कासवेही अडकून मरतात. जाळ्यांच्या जागी काही ठिकाणी आमिष लावलेले गळ आले आहेत आणि त्यांत असे बळी कमी जातात, तेव्हा त्या दिशेने अधिक वेगाने जावे असे वाटते. मात्र पोटचे पोर पाण्यात असताना हेच वाक्य तितक्या सहजपणे लिहिता येईल का, हे सांगवत नाही.

सांडपाण्याबाबत अशी दुविधा नाही. एप्रिल २०२२ च्या महापुरात या भागात ४०० हून अधिक माणसे गेली, सांडपाणी वाहून नेणारी आणि शुद्ध करणारी यंत्रणा मोडली, मैला नद्यांवाटे समुद्रात गेला आणि किनारे दीर्घकाळ पोहण्यासाठी बंद ठेवावे लागले. पूर कोणाच्या हातात नसतो. त्यानंतरची दुरुस्ती रेंगाळणे असते. पैसेवाला पर्यटक त्या काळात हॉटेलच्या तलावात पोहला, पण बसभाडे जुळवून वर्षातून एकदा समुद्रावर येणाऱ्या कुटुंबापुढे दुसरे पाणीच नव्हते.

जाता जाता वनस्पती उद्यानाचे नाव घेतो, कारण तेही विनाशुल्क आहे. १८४९ साली स्थापन झालेल्या या उद्यानात ‘वुड्स सायकॅड’ हा ताडासारखा दिसणारा, अतिशय दुर्मीळ वृक्ष उभा आहे. १८९५ मध्ये न्गोये जंगलात त्याचा एकच नर नमुना सापडला, मादी आजवर मिळालेली नाही, आणि जगभरातले त्याचे सारे वंशज त्याच्याच फुटव्यांपासून वाढवलेले आहेत. सहलीच्या कंपन्या तिथे अर्धा तास देतात, तो अगदीच अपुरा आहे.

महापालिकेकडे माझे मागणे साधे आहे. पुळणीकडे उतरणाऱ्या प्रत्येक पायरीपाशी पाण्याच्या ताज्या तपासणीचा निकाल तारखेसह, इंग्रजी आणि झुलू या दोन्ही भाषांत ठळक लावावा, आणि निकाल वाईट असेल त्या दिवशी तो आणखी ठळक असावा.