डॅनियल बूनला जाच शेजाऱ्यांचा नव्हता, जमिनीच्या कागदांचा होता

केंटकीच्या डॅनियल बूनची एक ठरीव गोष्ट आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातला हा शूर शिपाई, निरक्षर पण जंगलाचा राजा. रॅकूनच्या कातड्याची टोपी घालून तो एकटाच डोंगर ओलांडून गेला, ओसाड केंटकी शोधून काढली, आणि शेजाऱ्याच्या चुलीचा धूर दिसला की ‘इथे आता गर्दी झाली’ म्हणत पुढच्या रानात निघून गेला. गोष्ट झकास आहे. पण तिचा एकेक धागा ओढून पाहिला की फार थोडं हाती उरतं.

आधी ‘शोध’. अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या कंबरलंड खिंडीतून डॉ. थॉमस वॉकर १७५० मध्येच पलीकडे जाऊन आला होता. बून त्या वाटेने गेला १७६९ मध्ये, आणि तोही जॉन फिनली या व्यापाऱ्याच्या माहितीवर. फिनलीने १७५२ मध्ये केंटकीतल्या एस्किपाकिथिकी नावाच्या, शॉनी या मूळ अमेरिकी जमातीच्या गावात व्यापार केला होता. गाव होतं, देवघेव होती, आणि म्हणे ओसाड! शॉनी आणि चेरोकी या जमाती या मुलखाला आपलं शिकारीचं रान मानत. १७६९ च्या डिसेंबरात शॉनींनी बूनला पकडलं, त्याने जमवलेली कातडी काढून घेतली आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस अशी तंबी देऊन सोडून दिलं. आपल्या रानात न विचारता शिकार करणाऱ्याला ते आणखी काय सांगणार?

एकटेपणात थोडं तथ्य आहे. १७७० मध्ये भाऊ स्क्वायर शिधासामग्री आणायला घरी गेला, तेव्हा बून काही महिने खरोखर एकटा राहिला. बाकी जन्मभर त्याच्याभोवती गोतावळाच होता. १७७५ मध्ये त्याने ‘वाइल्डरनेस रोड’ तोडला तो तीसेक कुऱ्हाडवाल्यांना घेऊन, आणि त्यामागे पैसा होता जमिनीच्या धंद्यातल्या रिचर्ड हेंडरसनच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीचा. बायको रेबेका, दहा मुलं. त्यातला जेम्स १७७३ मध्ये आणि इस्रायल १७८२ मध्ये, ब्लू लिक्सच्या लढाईत, असे दोन मुलगे मारले गेले.

निरक्षर तर तो मुळीच नव्हता. स्पेलिंग यथातथाच होतं, एवढंच. १७७० च्या सुमारास रानातल्या तळावर ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ वाचलं जात होतं आणि त्यातल्या लोरब्रुलग्रुड या शहरावरून सोबत्यांनी जवळच्या ओढ्याला लुलबेग्रुड नाव दिलं. पुढे १७९६ मध्ये बूननेच ही हकीकत जबानीत सांगितली. ओढ्याचं ते नाव आजही नकाशावर आहे. झाडांवर कोरलेली त्याची म्हणून दाखवली जाणारी नावंही जरा जपूनच घ्यावीत. बरीचशी शेवटच्या ‘ई’शिवाय आहेत, आणि बून स्वतः सही करताना तो ‘ई’ सोडत नसे.

शिपाई म्हणाल, तर तो वॉशिंग्टनच्या फौजेत नव्हता, स्थानिक मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या हंगामी फौजेत होता. त्याआधी १७५५ मध्ये ब्रिटिश सेनापती ब्रॅडॉकच्या मोहिमेत तो होता, पण गाडीवान म्हणून. १७७८ च्या फेब्रुवारीत शॉनींनी त्याला पुन्हा पकडलं, त्यांचा प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला दत्तक घेतलं, जूनमध्ये तो निसटला आणि सप्टेंबरात बून्सबरो या आपल्या वस्तीला पडलेल्या वेढ्यात तो झुंजला. एवढं करून त्याच्यावर कोर्टमार्शल! मीठ पाडायला गेलेली आपली माणसं त्याने न लढता शत्रूच्या हवाली केली, असा आरोप होता. तो निर्दोष सुटला, वर मेजर झाला.

आता तो चुलीचा धूर. माझ्या मते सगळ्यात दिशाभूल करणारी गोष्ट हीच. बून हलत गेला तो जमिनीपायी. हेंडरसनने चेरोकींकडून केलेली केंटकीची खरेदी व्हर्जिनियाने (केंटकी तेव्हा तिच्याच अमलाखाली होती) १७७८ मध्ये रद्दबातल ठरवली, तिथेच पहिला फटका बसला. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने जमीन नावावर व्हायची तर आधी वॉरंट, म्हणजे अमुक एकर घेण्याच्या हक्काचा कागद, घ्यायचं, मग कोणता तुकडा ते नोंदवायचं, मोजणी करवायची आणि मग पट्टा. सातबारा नाही, गटनंबर नाही. आधी झालेली सरकारी मोजणीच नाही. हद्द म्हणजे अमुक ओढ्याचं तोंड किंवा कुऱ्हाडीने खूण केलेलं झाड. झाड पडलं की हद्द गेली! एकाच तुकड्यावर तिघाचौघांचे दावे पडत. १७८० मध्ये बून स्वतःचे आणि शेजाऱ्यांचे पैसे घेऊन वॉरंट आणायला निघाला, तर वाटेत एका मुक्कामाच्या खानावळीत सुमारे २०,००० डॉलर चोरीला गेले. कित्येकांचे पैसे त्याने पुढे वर्षानुवर्षं फेडले.

तो स्वतः डेप्युटी सर्व्हेअर होता, जमिनींची खरेदी-विक्री करायचा. लाइमस्टोन या गावी त्याची खानावळ होती आणि १७८७ मध्ये त्याच्या मालकीचे सात गुलाम होते. जंगलाच्या राजाच्या गोष्टीत हे कुणी सांगत नाही. विकलेल्या जमिनीचा हक्क टिकला नाही की भांडण याच्या दारात. खटले आणि कर्ज यांत सगळं गेलं. १७९८ मध्ये साक्षीला आला नाही म्हणून त्याच्यावर पकड वॉरंट निघालं, आणि त्याच वर्षी केंटकीने एका काउंटीला त्याचं नाव दिलं.

१७९९ मध्ये तो मिसुरीला गेला तो मुलाबाळांसकट. तिथे तेव्हा स्पेनचा अंमल होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला सुमारे ८५० एकर दिले, वर सिंडिक नेमलं, म्हणजे शेजाऱ्यांची भांडणं मिटवणं हेच त्याचं काम झालं. शेजारी नको असलेला माणूस ते कशाला घेईल? पण १८०३ मध्ये मुलूख अमेरिकेकडे गेला आणि कागद अपुरे म्हणून ही जमीनही बुडाली. त्याने काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अर्ज केला; १८१४ मध्ये ८५० एकर परत मिळाले, आणि त्यातले बहुतेक विकून त्याने केंटकीतली देणी भागवली. १८२० च्या सप्टेंबरात, ८५ व्या वर्षी, तो गेला तो मुलाच्या दगडी घरात.

राहता राहिली टोपी. बून फेल्टची हॅट घालत असे. त्याच्या डोक्यावर रॅकून चढवण्यात मोठा हात टीव्हीचा. फेस पार्कर हा नट १९५५ च्या सुमारास ती टोपी घालून डेव्ही क्रॉकेट या दुसऱ्याच रानवीराच्या भूमिकेत झळकला होता. १९६४ ते १९७० या काळात तोच बून झाला. नट तोच, मग टोपी तरी कशाला बदला!