हळकुंडांच्या कन्व्हेयरच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या कन्व्हेयरवरचा, म्हणजे हळकुंडं वर चढवणाऱ्या फिरत्या पट्ट्याच्या मशीनवरचा, आपला दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. 'कन्व्हेयर १२ दिवस उशिरा दिला, हळकुंडं मागे घरंगळतात, वर जादा पैसे घेतले.' ऐन हंगामात आपला माल अडला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण 'उशिरा' हा शब्द फार लागला, म्हणून तारखांसकट लिहितो. ऑर्डर ६ जानेवारीची. ड्रॉइंग आम्ही ८ तारखेला पाठवलं, सही होऊन परत आलं १७ ला. कोटेशनच्या पहिल्याच पानावर आहे, ड्रॉइंग पास झाल्यापासून ३० दिवस. म्हणजे १६ फेब्रुवारी. गाडी आपल्या गेटवर लागली १७ ला. तो एक दिवस आमचा, मान्य. बाकीचे ११ आमच्या नावावर कसे?

आणि मधे काय झालं ते आपण लिहिलंच नाही. ३० जानेवारीला आपला फोन आला, पल्व्हरायझरखाली (हळद दळायच्या यंत्राखाली) ओटा बांधलाय, उंची ९ ऐवजी १२ फूट धरा. जमिनीवर जागा तेवढीच, ९ फूट. म्हणजे ४५ अंशांचा चढ ५३ वर गेला. तोवर फ्रेम वेल्डिंग होऊन उभी होती आणि पट्टा आलेला होता. क्लीटवाला, म्हणजे माल अडवणाऱ्या आडव्या उभट कडांचा पट्टा मापात जोडूनच येतो, ऐनवेळी मधे तुकडा घालून भागत नाही. तो पहिला पट्टा आमच्या शेडमध्ये तसाच पडून आहे. नवा मागवला, फ्रेम कापून वाढवली, पोरं दोन रविवार कामावर आली. जादा पैसे फक्त पट्ट्याचे आणि फ्रेमच्या मटेरियलचे लावले, मजुरीचा एक रुपया घेतला नाही. बिल आपल्याकडे आहे, बघावं.

घरंगळण्याचं म्हणाल तर सपाट पट्ट्यावर सुटा माल वीसेक अंशांपुढे टिकत नाही, म्हणून तर आडव्या क्लीट. ४५ ला आपल्याच हळदीवर ट्रायल घेतली तेव्हा २ इंची क्लीट पुरली होती. ५३ ला पॉलिश केलेलं गुळगुळीत हळकुंड तिच्यावरून उलटतं. नवा पट्टा सांगताना मी ३ इंची सांगायला हवी होती. घाईत राहिलं, चूक माझी. पण खालच्या हॉपरचं (पट्ट्यावर माल सोडणाऱ्या पेटीचं) गेट पूर्ण उघडू नका, हे फिटरने दोनदा सांगितलं होतं. क्लीटच्या वर ढीग झाला की वरचा माल परत येणारच. त्याच फिटरला आपल्याकडे सगळ्यांसमोर जे बोललं गेलं, ते बरं नव्हतं साहेब.

कुपवाडच्या या शेडवर आठ घरं चालतात. रिव्ह्यू पडल्यावर एक पार्टी बोलणी अर्धवट सोडून गेली.

क्लीटचं काय ते करून देऊ, यापुढे मापातले बदलही लेखी घेऊ. मी स्वतः येतो, गेट अर्धं ठेवून आपल्यासमोर चालवून बघू. मंगळवारपासून तीनदा फोन केलाय, तेवढा उचलावा.