गाळ खाली काढताय, पण वरचं कोण बघतंय?

मे संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दरवर्षी तोच विषय, मुंबईतल्या मिठी नदीतला गाळ किती टक्के काढला, बिलं कोणाची निघाली, दादा कुर्ल्याच्या पुलावरून फोटो टाकतो आणि काका भडकतात. मी नेदरलँड्समध्ये नायमेखनला बसून वाचते. भडकणं बरोबरच आहे. 2005 च्या 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पडला, तेव्हा आमच्या घरात आईने पिठाचे डबे आधी ओट्यावर, मग कपाटावर, मग माळ्यावर नेले आणि रात्री माळ्याच्या शिडीची तिसरी पायरीपण पाण्याखाली गेली. पण सगळं भांडण गाळावरच अडकतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

इथे वाल नदी, म्हणजे ऱ्हाइनचाच फाटा, शहराजवळ वळण घेते आणि अरुंद होते. 1995 च्या पुरात या पट्ट्यातल्या अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली होती. त्यानंतर नदीपलीकडे लेंट गावाला बांध 350 मीटर मागे नेला, नदीला दुसरी वाट खोदून दिली, त्यासाठी 50 च्या आसपास घरं पाडली, आणि ते काही सुखासुखी झालं नाही. पण मला जास्त पटतं ते वर बघणं. नदी येते स्वित्झर्लंड-जर्मनीतून, तिकडे शेताचं डांबर झालं की पाणी इथे लवकर येणार, आणि ते बघायला युरोपभर जमिनीच्या वापराचे नकाशे आहेत, शेत, जंगल, वस्ती, कारखाने असे 44 प्रकार, 1990 पासूनचे, आणि आता दर सहा वर्षांनी नवा.

आपली मिठी जेमतेम 18 किलोमीटर. विहार-पवईच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत एकाच शहरात. मागच्या रविवारी मी लँडसॅट उपग्रहाची फुकट मिळणारी जुनी-नवी चित्रं एकावर एक लावून बघितली, एक ठिपका म्हणजे 30 मीटर, आमची चाळ एका ठिपक्यात बसते. मरोळ, साकीनाका, पवईच्या उतारावर हिरवं जाऊन करडं होत गेलेलं सरळ दिसतं. मातीत मुरणारं पाणी आता काँक्रीटवरून धावत कुर्ल्याला येतं, वर कापलेल्या उताराची माती आणि डेब्रिज सोबत घेऊन येतं, आणि नेमकी भरती असली की जायला जागाच नाही. तोच गाळ आपण पुढच्या मे मध्ये परत काढतो.

आणि अतिक्रमण म्हणून बोट दाखवतो ते काठावरच्या झोपडीकडे. झोपडीने जागा अडवली हे खरं, पण वरच्या टॉवरच्या पोडियमवरचं, म्हणजे खालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यावरचं, पाणी कुणाच्या हिशोबात धरलंय का? आरेच्या जंगलातली जमीन मागताना तरी हा हिशोब मांडायला हवा की नाही?

दादा, यंदा पहिला मोठा पाऊस झाला की कुर्ल्याचा पूल राहू दे, पवईचा सांडवा आणि मरोळचा नाला यांचे फोटो वेळेसकट टाक. पाणी वरून कुर्ल्याला किती मिनिटांत येतं ते मी नकाशावर मांडून ठेवते.